जुनं लेगो मॉडेल त्याच काळातल्या ठोकळ्यांनी कसं उभारायचं

नवखी मंडळी बहुतेक वेळा आधी जुन्या ठोकळ्यांची भरलेली पेटी विकत घेतात आणि मग त्यातून काय बनेल याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे. अशा पेटीत १९६० पासून २०१० पर्यंतचं सगळं एकत्र असतं, आणि मॉडेल उभं राहिल्यावर एक भिंत पांढरी, दुसरी दुधाळ आणि तिसरी पिवळट दिसते. आधी मॉडेल ठरवायचं, मग त्याचं साल पक्कं करायचं आणि मग त्या सालाला शोभेल असा एकेक ठोकळा गोळा करायचा. खरी मेहनत ठोकळे ओळखण्यात आहे. जोडणी त्यामानानं सोपी.

सालांचा हिशेब

लेगोच्या इतिहासातली मोजकी सालं डोक्यात ठेवली की बरंचसं काम हलकं होतं. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीनं १९४९ मध्ये प्लास्टिकचे ठोकळे काढले. ते खालून पूर्ण पोकळ होते, त्यांना टोकाकडे उभी चीर असायची आणि त्या चिरेत खिडकी-दरवाजे सरकवून बसवायचे. १९५५ मध्ये घरं, रस्ते, गाड्या एकमेकांशी जुळतील अशी पद्धतशीर मालिका आली. २८ जानेवारी १९५८ रोजी ठोकळ्याच्या आत नळ्या असलेल्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. आजही ठोकळे घट्ट बसतात ते या नळ्यांमुळेच. १९६३ मध्ये सेल्युलोज अॅसिटेटऐवजी एबीएस प्लास्टिक आलं. १९६४ पासून संचासोबत बांधणीच्या सूचना मिळू लागल्या, १९६६ मध्ये विजेवर चालणारी रेल्वे आली आणि १९७८ मध्ये हात-पाय हलवणारी छोटी माणसं. शेवटची खूण २००३-०४ ची: तेव्हा फिकट राखाडी, गडद राखाडी आणि तपकिरी या तिन्ही रंगांच्या छटा बदलल्या. राखाडीत निळसर झाक आली, तपकिरीत लालसर.

पहिल्या प्रयत्नासाठी १९७० च्या दशकातलं लहानसं घर किंवा १९८० च्या आसपासचं छोटं वाहन घ्या. एबीएसचा काळ असल्यामुळे ठोकळे अजून सरळ आहेत, आकार आजच्या ठोकळ्यांशी जुळतात आणि माल भरपूर मिळतो. १९५० च्या दशकातली मॉडेलं मोहात पाडतात, पण सेल्युलोज अॅसिटेट ओलावा शोषून वर्षानुवर्षं वाकत जातं. त्याच्या कडा आत ओढल्या जातात, लांब ठोकळे केळ्यासारखे होतात आणि एका रांगेत दहा ठोकळे बसवले की अकरावा जुळतच नाही. तो प्रकार हात सरावल्यावर. पहिल्याच झटक्यात १९७८ चा पिवळा किल्लाही नको. त्यातले घोडेसुद्धा ठोकळ्यांचे बांधायचे असतात आणि पिवळ्या रंगाची एकसारखी छटा शेकड्यांनी जमवणं हे नवख्याचं काम नव्हे.

ठोकळा उलटा करा

वरून सगळे ठोकळे सारखे दिसतात. वय कळतं ते पोटातून. चांगला उजेड आणि साधं भिंग घेऊन बसा आणि पुढच्या गोष्टी बघा.

आत नळ्या आहेत का? २×४ ठोकळ्यात (वर दोन रांगांत चार-चार स्टड, म्हणजे गोल उंचवटे) तीन नळ्या असायला हव्यात. नसतील तर तो १९५८ च्या आधीचा. नळ्यांच्या भिंती पातळ आहेत की जाड, त्यांच्यामधून आडव्या आधारपट्ट्या गेल्या आहेत का, हेही बघा. साचे बदलत गेले तसे हे तपशील बदलले. अगदी पहिल्या काळातल्या स्टडवर लेगोचं नावच नसतं. नळ्या आल्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या ठोकळ्यांच्या पोटात पेटंट प्रलंबित असल्याची 'पॅट. पेंड.' ही अक्षरं कोरलेली असतात. नव्या ठोकळ्यांत भागाचा क्रमांकही असतो, जुन्यांत नसतो. म्हणजे १९६० च्या दशकातल्या घरासाठी घेतलेल्या ठोकळ्याच्या पोटात क्रमांक दिसला, तर तो बाजूला काढायचा. बाहेरून कुणाला कळणार नाही हे खरं, पण मग त्याच काळातल्या ठोकळ्यांचा अट्टाहास तरी कशाला?

सपाट, बिनस्टडच्या फरशांना खालच्या कडेनं बारीक खाच आहे का ते बघा. नखानं उचलता यावी म्हणून ही खाच नंतर आली. जुन्या फरशा बिनखाचेच्या आहेत. छोट्या माणसांचं डोकं घ्या: वरचा स्टड भरीव असेल तर ते जुनं. पुढे मुलाच्या घशात डोकं अडकलं तरी हवा जावी म्हणून त्या स्टडला छिद्रं आली. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाची हनुवटीपट्टी सुरुवातीला पातळ होती, नंतर जाड केली. पातळ पट्टी बहुतेकांची मधोमध तडकलेली सापडते, म्हणून अखंड मिळालं तर ते मुद्दाम वेगळं ठेवा.

अॅसिटेट की एबीएस हे ओळखायला ठोकळा काचेवर ठेवा. अॅसिटेटचा डुगडुगतो, कारण त्याच्या भिंती किंचित आत वळलेल्या असतात. लाल रंगात थोडी केशरी झाक दिसते आणि पृष्ठभाग जरा जास्त चकाकतो. बंद डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर शंकाच नको. असे ठोकळे एबीएसपासून वेगळे ठेवा आणि एकाच रांगेत कधी मिसळू नका. आकुंचन पावलेला ठोकळा शेजारच्यावर ताण देतो आणि तडा मात्र चांगल्याला जातो.

मापं लक्षात असू द्या, व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तमच. दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची स्टड सोडून ९.६, पातळ ठोकळ्याची, म्हणजे प्लेटची, ३.२, त्यामुळे तीन प्लेटा मिळून एक ठोकळा. २×४ ठोकळा प्रत्यक्षात ३२ ऐवजी ३१.८ मिलिमीटर लांब असतो. शेजारी-शेजारी बसताना घासू नये म्हणून ही जागा सोडलेली आहे. लांबी ३१.५ च्या खाली आली तर ठोकळा आक्रसलेला किंवा नकली समजावा.

रंगातली फसगत

राखाडीइतका घोळ दुसऱ्या कुठल्याच रंगात होत नाही. जुना फिकट राखाडी उबदार, किंचित हिरवट-पिवळसर दिसतो आणि २००४ नंतरचा निळसर. दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो, पण एकटा ठोकळा हातात असताना डोळा हमखास फसतो. त्यातून उन्हानं पिवळसर झालेला नवा निळसर राखाडी अगदी जुन्या राखाडीसारखा दिसतो. म्हणून छटा नेहमी आतून बघा. नळ्यांच्या मधल्या जागेपर्यंत ऊन पोहोचत नाही, तिथला रंग मूळचा असतो. खात्रीचा जुना राखाडी एक ठोकळा नमुना म्हणून कायम जवळ ठेवा आणि तुलना दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर करा. पिवळ्या बल्बखाली केलेली निवड दुसऱ्या दिवशी सकाळी रद्द करावी लागते.

पांढऱ्याचं दुखणं वेगळं. एबीएसमधला रबरासारखा घटक ऊन आणि हवा लागून ऑक्सिडाइझ होतो आणि पांढरा ठोकळा आधी हस्तिदंती, मग सरळ पिवळा होतो. निळा हिरवट होतो. लाल आणि काळ्यावर फारसा फरक दिसत नाही, म्हणून पहिल्या मॉडेलात छप्पर लाल असेल तर निम्मी काळजी कमी.

यादी आधी

जुन्या सूचनापत्रांत प्रत्येक पायरीला कोणते भाग लागतील याची चौकट नसते. एका चित्रातून दुसऱ्या चित्रापर्यंत दहा-पंधरा ठोकळे वाढलेले असतात आणि ते आपणच शोधायचे. यावर उपाय म्हणजे दोन चित्रं शेजारी ठेवून, वाढलेला प्रत्येक ठोकळा पेन्सिलीनं टिपत जाणं. चित्रात न दिसणारे ठोकळे तर्कानं काढावे लागतात: प्लेट हवेत तरंगत नाही, तिच्याखाली काहीतरी असणारच. ब्रिकलिंक या सुटे लेगो भाग विकणाऱ्या संकेतस्थळाच्या सूचीत बहुतेक जुन्या संचांतल्या भागांची यादी मिळते, आणि तिथे साच्याचे प्रकारही क्रमांकापुढे अक्षर लावून वेगळे नोंदलेले असतात. ती यादी उतरवून घ्या, पण सूचनापत्राशी ताडून बघा. एकाच संचाच्या दोन वर्षांच्या आवृत्त्यांत खिडकी किंवा चाक वेगळं असू शकतं.

संगणकावर स्टुडिओ किंवा एलड्रॉच्या साधनांत मॉडेल आधी बांधून बघितलं, तर यादीतल्या चुका खरेदीच्या आधीच सापडतात. लहान घरासाठी एवढ्या खटाटोपाची गरज नाही. दोनशे भागांच्या पुढे मात्र तो कामी येतो.

सरावाचं घर: ६६ भाग

इथे १९७० च्या दशकातल्या शैलीचं एक छोटं घर सांगतो आहोत. हा कुठला विशिष्ट संच नव्हे. त्या काळी मिळणाऱ्या साध्या भागांत बसणारी रचना आहे, सरावाला पुरेशी. बाहेरचं माप १२×८ स्टड, भिंत एका स्टडच्या जाडीची, पाच थर उंच आणि वर ४५ अंशांचं उतरतं छप्पर.

पांढरे ठोकळे: १×६ चे १४, १×८ चे ८, १×२ चे १५, १×१ चे २. लाल उतरते ठोकळे: २×४ चे १६, २×२ चे ४. लाल आढ्याचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरते: २×४ चे २, २×२ चे २. शिवाय १×२×३ चा दरवाजा एक, १×३×२ ची खिडकी एक आणि हिरवी बेसप्लेट, म्हणजे घराखालची सपाट पाटी, एक. प्रत्यक्षात १×२ चे पाच-सहा आणि १×१ चे तीन-चार जास्त ठेवा. छोटे ठोकळे जास्त तडकतात.

पहिला थर: मागे १×६ दोन, प्रत्येक बाजूला समोरच्या आणि मागच्या भिंतींच्या मधे १×६ एक. समोर डावीकडून १×२, मग दरवाजा, मग १×८.

दुसरा थर: आता बाजूच्या भिंती पूर्ण आठ स्टडच्या, प्रत्येकी १×८. त्यांची टोकं कोपऱ्यावर येतात आणि कोपरा बांधला जातो. मागे मधल्या दहा स्टडवर १×८ आणि १×२. समोर डावीकडून १×१, दरवाजा (तो तीन थर उंच आहे), १×२, खिडकी, १×२.

तिसरा थर: मागे आणि बाजूंना पहिल्या थरासारखंच. समोर १×२, दरवाजा, १×२, खिडकी, १×२ आणि टोकाला १×१.

चौथा थर: बाजूंना १×८, मागे १×८ आणि १×२. समोर डावीकडून १×८ आणि मग १×२. हा समोरचा १×८ दरवाजा आणि खिडकी दोन्हींवरून एकदम जातो, म्हणजे तोच तुळई. इथे तडा गेलेला किंवा वाकलेला १×८ अजिबात चालणार नाही. आठपैकी सर्वांत सरळ या जागेसाठी राखून ठेवा.

पाचवा थर: सगळीकडे १×६, समोर दोन, मागे दोन, बाजूंना एकेक.

हे नीट बघितलं तर गवंडी विटा रचतो तोच नियम आहे: सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. अपवाद दोनच: दरवाजा-खिडकीच्या मधला आणि खिडकीच्या उजवीकडचा १×२ चा छोटा खांब. मधला दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात एकावर एक येतो, उजवीकडचा चौथ्यातही, पण खालचा १×८ दोन्हींना धरून ठेवतो आणि वरून मधल्याला तुळई, उजवीकडच्याला पाचव्या थरातला १×६.

छपराचा पहिला थर समोर आणि मागे प्रत्येकी तीन २×४. उतरत्या ठोकळ्याची पुढची कड भिंतीवर बसते आणि मागची अर्धी बाजू घराच्या आत लटकते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मधे चार स्टड रिकामे राहतात, तिथे प्रत्येकी दोन १×२. दुसरा थर एक स्टड आत: प्रत्येक उतारावर २×२, २×४, २×४, २×२ या क्रमानं, म्हणजे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येत नाहीत. बाजूच्या भिंतींवर आता दोनच स्टड मोकळे, तिथे प्रत्येकी एक १×२. तिसरा थर पुन्हा तीन-तीन २×४. आता दोन्ही उतार मधे एकमेकांना भिडतात आणि वर आढं: २×२, २×४, २×४, २×२.

छप्पर बसवताना घोटाळा ठरलेला आहे. प्रत्येक उतरता ठोकळा खालच्या थराच्या एकाच स्टडरांगेवर बसतो, म्हणून आढं लागेपर्यंत छप्पर मधोमध आत झुकतं. आढं मधून दाबायला सुरुवात केली की सगळंच आत कोसळतं. दोन्ही टोकांकडून मधे या. टोकांना पांढऱ्या ठोकळ्यांचा आधार आहे. हिंमत होत नसेल तर घराच्या आत कुठल्याही फालतू ठोकळ्यांचा खांब उभा करा. तो बाहेरून दिसत नाही, आणि इथे काळाची अट मोडली तरी बिघडत नाही.

माल जमवणं

सुटे भाग आणि मिश्र ढीग, दोन्ही मार्गांनी माल मिळतो. पांढऱ्या भिंतींचे ठोकळे शक्यतो एकाच विक्रेत्याकडून, एकाच ढिगातून घ्या. ते एकाच घरात, एकाच उजेडात जुने झालेले असतात, त्यामुळे पिवळेपणाही सारखा असतो. चार ठिकाणांहून घेतलेले चाळीस ठोकळे चाळीस छटांचे निघतात.

मिश्र ढिगाचा फोटो बघताना चमकदार गोष्टींकडे लक्ष देऊ नका. बिनखाचेच्या फरशा, जुन्या पद्धतीच्या अखंड खिडक्या, भरीव स्टडची डोकी दिसतात का बघा. त्यांचा काळ तोच बाकी ढिगाचा. ढिगात पोपटी, गुलाबी किंवा गडद जांभळे ठोकळे ठळक दिसत असतील तर त्यात नव्या काळाची भेसळ आहे. जुन्या संचांत लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा, राखाडी आणि पारदर्शक यांचंच राज्य होतं.

दात लावलेल्या खुणांची चौकशी विक्रेत्याकडे आधीच करा. अडकलेल्या दोन प्लेटा सुटेनात की त्या काळची मुलं सरळ दातांनी ओढत. तो ठोकळा कितीही धुतला तरी तसाच राहतो. मागच्या भिंतीला चालतो, दर्शनी भिंतीला नाही.

खिडक्यांबाबत एक इशारा. जुन्या पद्धतीच्या खिडकीत काच कायमची बसवलेली असते. ती काढून बदलता येत नाही, म्हणून काचेला चरे किंवा तडा असेल तर पूर्ण खिडकीच बाद. दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो तेही सूचनापत्रातल्या चित्राशी जुळवून घ्या.

धुणं

एबीएसचे ठोकळे कोमट पाण्यात धुवायचे, ४० अंश सेल्सियसच्या वर जायचं नाही. भांडी घासायचं सौम्य द्रव, अर्धा तास भिजवणं, मऊ टूथब्रश, बस. स्टडच्या कडेला साचलेला काळा मळ लाकडी टूथपिकनं निघतो. सुई किंवा पिन लावली की ओरखडा राहतो. धुवायच्या मशीनमध्ये जाळीच्या पिशवीत घालून धुणारेही आहेत, पण ठोकळे एकमेकांवर आपटून चकाकी जाते. जुन्या मालाला ते करू नये.

सेल्युलोज अॅसिटेटचे ठोकळे बुडवायचेच नाहीत. ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडे करा. स्टिकर लावलेले भाग, छापील धड, विजेचे भाग आणि पुठ्ठ्याचे तुकडे हेही पाण्याबाहेर.

वाळवताना पोकळ बाजू खाली ठेवा. नळ्या वरून बंद असतात, उलटे ठेवले तर पाणी आतच राहतं आणि नंतर कोरड्या क्षारांचा पांढरा डाग दिसतो. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. पंख्याखाली रात्रभर पुरतं.

लहान मुलांना हे ठोकळे तोंडात घालू देऊ नका. त्या काळच्या प्लास्टिकच्या लाल-पिवळ्या रंगद्रव्यांत कॅडमियम असू शकतं.

पिवळे पांढरे करायचे का?

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांनी पिवळेपणा बराच जातो. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं द्रावण पुरेसं आहे. जास्त तीव्र द्रावणानं काम लवकर होतं, पण कातडी भाजते, म्हणून नवख्यानं तिकडे वळू नये. काचेच्या पारदर्शक भांड्यात ठोकळे पूर्ण बुडवून उन्हात ठेवायचे. तरंगणारे ठोकळे दाबून धरायला वर काचेची बशी ठेवा. पाण्याच्या रेषेवर राहिलेल्या ठोकळ्यावर पट्टा उमटतो आणि तो मग निघत नाही. दर तासाला ठोकळे उलटे-पालटे करा. हातमोजे आणि चष्मा घाला, भांड्याला घट्ट झाकण लावू नका, आतून वायू सुटत असतो. साधा क्लोरीनचा ब्लीच वापरू नका. प्लास्टिक खडबडीत आणि ठिसूळ होतं.

आमचं मत स्पष्ट आहे: गरज असेल तेवढंच करा. हा उपाय कायमचा नाही, कपाटात ठेवलेला ठोकळाही काही काळानं परत पिवळा होऊ लागतो. जास्त वेळ ठेवला तर पृष्ठभाग खडूसारखा होतो. सगळी भिंत सारखीच हस्तिदंती असेल तर ती तशीच ठेवावी, बघायला वाईट दिसत नाही. उपचार हवा तो एकट्या-दुकट्या वेगळ्या दिसणाऱ्या ठोकळ्याला. छापील भाग मात्र या वाटेला नेऊ नयेत, छाप फिकी पडते.

जोडताना काय बिघडतं

बांधायला घेण्याआधी प्रत्येक १×१ आणि १×२ ठोकळा उजेडासमोर धरा. कोपऱ्यातून वर जाणारी केसासारखी रेघ दिसली तर तो तडकलेला आहे. तडकलेला ठोकळा स्टडवर बसतो, पण पकडत नाही, आणि वरचा सगळा भाग हलू लागतो. भिंत कुठेतरी फुगलेली वाटली तरी दोष बहुधा अशाच एखाद्या ठोकळ्याचा असतो.

जुने ठोकळे कधी गरजेपेक्षा सैल, कधी गरजेपेक्षा घट्ट असतात. सैल ठोकळा मधल्या थरात घाला, जिथे वरून-खालून दाब आहे. घट्ट ठोकळ्याला अंगठ्यानं एकदम जोर देऊ नका. आधी एका टोकाचे दोन स्टड बसवा, मग दुसऱ्या टोकाकडे सरकत या. पाण्याचा थेंबही नको, तेल तर नकोच. गोंद लावायचा विचारसुद्धा मनात आणू नका. जुना ठोकळा एकदा चिकटवला की तो कायमचा गेला.

अडकलेल्या दोन प्लेटा सोडवायला प्लास्टिकचं विलगक साधन वापरा. ते नसेल तर दोन्ही प्लेटांवर एकेक २×४ ठोकळा बसवून, त्यांना पकडून वाकवल्यावर प्लेटा सुटतात. चाकूच्या पात्यानं कडा कापल्या जातात.

बेसप्लेट वाकलेली असेल तर भिंतीचा पहिला थर मधे उचलला जातो आणि वरच्या प्रत्येक थरात फट दिसते. प्लेट जाड पुस्तकांखाली सपाट पृष्ठभागावर दोन-तीन आठवडे ठेवा. गरम करून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, स्टड आडवे होतात.

अंतराळयानांकडे वळाल तेव्हा दोन भाग खास जपा: पिवळी पारदर्शक काच आणि बोटांसारखी दातेरी बिजागरी. १९७९ च्या मोठ्या निळ्या-राखाडी यानात ही काच दर्शनीच असते, त्यामुळे तडा लपत नाही. बिजागरीची बोटं एकमेकांत अडकवताना सरळ रेषेत दाबा, तिरपं केलं की एक बोट मोडतं. मोडलेल्या बोटाची बिजागरी हलते, पण एका जागी थांबत नाही.

नकली भागांवर नजर ठेवा. पुन्हा छापलेली धडं आणि नव्यानं छापलेले स्टिकर सर्रास मिळतात. ते वापरण्यात गैर काही नाही, पण विक्रेता मूळ म्हणून देत असेल तर छपाई भिंगाखाली बघा. मूळ छाप हाताळणीनं कडेला झिजलेली असते. चाळीस वर्षांच्या धडावर कोरी करकरीत छाप दिसली तर प्रश्न विचारा.

ठेवण आणि नोंद

बांधलेलं मॉडेल खिडकीसमोर ठेवू नका. काचेतून आलेल्या उजेडानंही पिवळेपणा येतो, फक्त सावकाश. धूळ मऊ ब्रशनं, मोठ्या कालावधीनं. दमट खोलीत अॅसिटेटचे ठोकळे ठेवायचे असतील तर डबीला हवा लागू द्या. बंद डबीत त्यांच्यातून निघणारं आम्ल आतच कोंडतं आणि शेजारचेही खराब होतात.

प्रत्येक मॉडेलासोबत एक कार्ड ठेवा: मॉडेलचं साल, कुठल्या जागी कुठला ठोकळा नंतरच्या काळातला आहे, कुठला स्टिकर नव्यानं छापलेला आहे, कुठल्या ठोकळ्याला पेरॉक्साइड लावलं आणि कधी. ठोकळ्यावर पेनानं खूण करू नका, शाई एबीएसमध्ये मुरते. जागा लिहिताना थर आणि डावीकडून कितवा हे लिहा, उदाहरणार्थ "समोर, थर ३, डावीकडून शेवटचा १×१, क्रमांक कोरलेला, बदलायचा". योग्य ठोकळा हाती लागेल तेव्हा सगळं घर न उलगडता नेमका तोच काढता येतो. तिसऱ्या थरातला ठोकळा मात्र छप्पर आणि वरचे दोन थर उतरवल्याशिवाय निघत नाही, म्हणून अशा दुरुस्त्या साठवून एकदम करा.